युस्टुस फॉन लीबिग

आज जो विद्यार्थी प्रयोगशाळेंत स्वहस्तें तराजू, गाळणी व काचनळी वापरतो, त्यास ही सोय पूर्वापार चालत आली आहे असें वाटणें साहजिक आहे. परंतु वस्तुस्थिति तशी नाहीं. ही सोय ज्यांनीं रूढ केली, त्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देतों.

लीबिग यांचा जन्म १८०३ सालीं डार्मस्टाट येथें झाला. वडिलांचें रंग व रसायनें विकण्याचें दुकान होतें; तेंच मुलाची पहिली शाळा ठरलें. पुढें विद्यापीठांत व्याख्यानें पुष्कळ ऐकावयास मिळालीं, पण हात चालविण्यास वाव थोडा. १८२२ सालीं ते पॅरिसला गेले, आणि गे-ल्युसॅक यांच्या खासगी प्रयोगशाळेंत त्यांस अचूक मापनाची दीक्षा मिळाली.

१८२४ सालीं, अवघ्या एकविसाव्या वर्षीं, ते गीसेन येथें प्राध्यापक झाले. लष्करी पहाऱ्याच्या एका जुन्या इमारतींत त्यांनीं प्रयोगशाळा थाटली. सरकारी पैसा अपुरा पडे, तेव्हां ते पदरमोड करीत. तेथें विद्यार्थी प्रथम पदार्थांतील घटक ओळखावयास शिकत, मग त्यांचें प्रमाण काढीत, व शेवटीं स्वतंत्र संशोधन करीत.

१८३१ सालीं लीबिग यांनीं पांच फुग्यांचें एक काचेचें उपकरण तयार केलें. सेंद्रिय पदार्थ तांब्याच्या ऑक्साइडाबरोबर जाळावा; निघणारी वाफ कॅल्शियम क्लोराइडांत व कर्बाम्लवायु फुग्यांतील पोटॅशच्या द्रावांत शोषला जावा; दोहोंचें वजन आधीं व नंतर करावें, म्हणजे उज्ज व कर्ब किती तें कळतें. पूर्वीं निष्णातांसच साधणारें हें काम आतां विद्यार्थ्यांच्या हातीं आलें.

१८४२ सालीं त्यांनीं प्राण्यांच्या शरीरांतील रसायनावर ग्रंथ लिहिला. त्यांत स्नायूंचें काम स्नायूंतील नत्रयुक्त द्रव्याच्या व्ययानेंच होतें, असा सिद्धांत त्यांनीं मांडला. पण त्यास प्रयोगाचा पुरेसा आधार नव्हता. १८६५ सालीं फिक व व्हिस्लिसेनुस हे दोघे नत्रयुक्त अन्न वर्ज्य करून स्वित्झर्लंडमधील फाउलहॉर्न पर्वत चढले, व आपल्या मूत्रांतील नत्र त्यांनीं मोजला. त्यावरून निघालेला व्यय चढाईच्या श्रमास पुरण्याजोगा नव्हता. सिद्धांत ढासळला.

१८५२ पासून म्यूनिक येथें असलेले लीबिग १८७३ सालीं निवर्तले. त्यांचा तो सिद्धांत टिकला नाहीं, पण शिकविण्याची रीत टिकली. गुरूचें नांव कितीहि मोठें असो, शेवटचा निवाडा तराजूचा, हाच बोध आम्हांस या चरित्रापासून घ्यावासा वाटतो.