पोलादासाठी हिऱ्याचे तारण

सन १९२४. जमशेदपूरहून मुंबईला आलेल्या तारेतील मजकूर मोजकाच, पण हादरवून टाकणारा होता. पोलाद कारखान्यातील कामगारांचे पगार भागविण्यापुरतीही रोकड उरलेली नव्हती. कारखाना चालू ठेवायचा की त्याला टाळे लावायचे, हा प्रश्न टाटा उद्योगसमूहाचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांच्यासमोर उभा ठाकला. भट्ट्या, खाणी आणि नव्याने वसविलेले शहर अशी कोट्यवधी रुपयांची मालमत्ता कंपनीपाशी होती. परंतु पगाराच्या दिवशी भट्ट्या वाटता येत नाहीत, रोख पैसाच वाटावा लागतो. कंपनीचे मोल आणि कंपनीच्या गल्ल्यातील रोकड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा वित्तशास्त्रातील मूलभूत धडा त्या दिवशी दोराबजींना पुस्तकाविना मिळाला.

जमशेटजी टाटा यांचे हे थोरले चिरंजीव. त्यांचा जन्म २७ ऑगस्ट १८५९ रोजी मुंबईत झाला. केंब्रिज येथे दोन वर्षे शिकून ते १८७९ मध्ये मायदेशी परतले आणि १८८२ मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातून पदवीधर झाले. काही काळ त्यांनी ‘बॉम्बे गॅझेट’मध्ये पत्रकारिता केली. १८८४ मध्ये ते वडिलांच्या कापड व्यवसायात आले आणि पुढे नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये त्यांनी उद्योगाचे धडे गिरविले.

पोलादाचे स्वप्न जमशेटजींचे. ते प्रत्यक्षात आणण्याची जबाबदारी मात्र दोराबजींवर पडली. अमेरिकी भूगर्भतज्ज्ञ सी. एम. वेल्ड यांच्यासह १९०४ च्या सुमारास त्यांनी चांदा जिल्ह्याचा, म्हणजे आजच्या चंद्रपूरचा परिसर पिंजून काढला. लोहाऱ्याच्या टेकडीत उत्तम प्रतीचे लोहखनिज होते. परंतु भट्टीला लागणारा योग्य कोळसा जवळपास नव्हता. महिनोन्‌महिने केलेली पायपीट आणि त्यावर झालेला खर्च यांचा मोह न धरता चांद्याचा विचार सोडून देण्यात आला. झालेला खर्च परत येत नसतो. निर्णय पुढील खर्च आणि पुढील उत्पन्न पाहूनच घ्यायचा असतो, हे तत्त्व व्यवस्थापनाचे विद्यार्थी आज ‘बुडीत खर्च’ या नावाने शिकतात. पुढे नागपूरच्या संग्रहालयातील भूगर्भीय नकाशावरून दुर्ग जिल्ह्यातील खनिजाचा माग लागला. मात्र भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी मयूरभंज संस्थानातील साठ्यांची माहिती कळविल्यावर दुर्गही मागे पडले. झरियाचा कोळसा आणि कोलकात्याचे बंदर मयूरभंजला तुलनेने जवळ होते. अखेर साकची या गावाची निवड झाली.

खरी कसोटी भांडवलाची होती. दोराबजी आणि त्यांचे सहकारी बरजोरजी पादशहा यांनी लंडनच्या भांडवल बाजारात प्रयत्न करून पाहिले. तेथील धनिकांना हिंदी पोलादावर विश्वास नव्हता आणि बाजारही त्या वेळी मंदावलेला होता. तेव्हा स्वदेशीच्या वातावरणाने भारलेल्या देशबांधवांपुढेच झोळी पसरण्याचा निर्णय झाला. २६ ऑगस्ट १९०७ रोजी टाटा आयर्न अँड स्टील कंपनीची मुंबईत नोंदणी झाली. भांडवल होते दोन कोटी ३१ लाख ७५ हजार रुपये. मुंबईतील टाटांच्या कचेरीबाहेर लोकांची रीघ लागली आणि अवघ्या तीन आठवड्यांत सुमारे आठ हजार भारतीयांनी हे भांडवल उभे केले.

या भांडवलाची रचना अभ्यासण्याजोगी आहे. दीड कोटी रुपये साध्या समभागांचे होते. ७५ लाख अग्रहक्क भागांचे, तर पावणेसात लाख विलंबित भागांचे होते. म्हणजे जोखीम घेणाऱ्याला नफ्याची संधी आणि सावध गुंतवणूकदाराला ठरावीक परताव्याचा अग्रक्रम, अशी ही विभागणी होती. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कारखाना उभा राहीपर्यंत या पैशावर व्याजाचा तगादा नव्हता. खेळत्या भांडवलाची गरज भासली तेव्हा ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी चार लाख पौंडांचे कर्जरोखे घेतले. फळ यायला दीर्घ काळ लागणाऱ्या उद्योगाला वाट पाहू शकणारा पैसाच हवा, हे सूत्र येथे पाळले गेले. १६ फेब्रुवारी १९१२ रोजी साकचीत पहिले पोलाद तयार झाले.

पहिल्या महायुद्धात मागणी वाढली आणि कंपनीने मोठा विस्तार हाती घेतला. येथे मात्र काळ उलटला. यंत्रसामग्री महागली, रुपयाचा विनिमय दर घसरला, विस्ताराचा खर्च फुगत गेला. नव्या भट्ट्या तयार होत असताना परदेशी पोलाद स्वस्तात येऊ लागले. कच्च्या लोखंडाचे मोठे ग्राहक असलेल्या जपानला १९२३ मध्ये भूकंपाने तडाखा दिला. तेजीच्या किमती गृहीत धरून केलेली गुंतवणूक मंदीत फेडण्याची वेळ आली. १९२४ ची तार ही याच चुकलेल्या हिशेबाची परिणती होती.

कायद्याने दोराबजींवर वैयक्तिक भार नव्हता. मर्यादित दायित्वाच्या कंपनीत भागधारकाचे नुकसान त्याच्या भागांपुरतेच असते. त्यांनी ही ढाल स्वतःहून खाली ठेवली. सुमारे एक कोटी रुपयांची खासगी संपत्ती त्यांनी इम्पीरियल बँकेकडे तारण ठेवली आणि कंपनीसाठी कर्ज मिळविले. त्यात पत्नी मेहेरबाई यांचे दागिनेही होते. कोहिनूरच्या दुपटीहून मोठा, २४५ कॅरटचा ‘ज्युबिली’ हिरा त्यांतलाच. प्रकल्पाच्या मालकाने स्वतःचा पैसा पणाला लावला, तर बाहेरच्या धनकोला त्यातून खात्रीचा संकेत मिळतो, असे प्रतिपादन लीलंड आणि पाइल या अर्थशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये केले. दोराबजींनी ते अर्धशतक आधी आचरणात आणले होते.

याला केवळ धाडस म्हणणे अपुरे ठरेल. विस्तार जवळजवळ पूर्ण झाला होता. आता थांबणे म्हणजे लावलेला सगळा पैसा भंगाराच्या भावात सोडणे. उत्पादन वाढले की दर टनामागील खर्च उतरणार होता. शिवाय १९२४ मध्येच पोलाद उद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाला आणि पाठोपाठ सरकारी अनुदानही मिळाले. टंचाई रोकडीची आहे, उद्योगाच्या मोलाची नाही, हा त्यांचा निष्कर्ष होता. तो चुकला असता तर घरदारही गेले असते. भागधारकांनाही त्याची किंमत मोजावी लागली. समभागधारकांना पुढील काही वर्षे लाभांशाविना काढावी लागली. कारखाना मात्र सावरला, कर्ज फिटले आणि तारण सुटले.

१९३१ मध्ये मेहेरबाईंचे रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. पुढल्याच वर्षी दोराबजींनी आपली जवळजवळ सारी संपत्ती विश्वस्त निधीच्या स्वाधीन केली. ३ जून १९३२ रोजी जर्मनीतील बाड किसिंगेन येथे त्यांनी अखेरचा श्वास घेतला. कारखान्याच्या संकटात बँकेच्या तिजोरीत जाऊन परत आलेला तो हिरा त्यांच्या मृत्यूनंतर विकला गेला आणि त्याचा पैसाही निधीत जमा झाला. याच निधीतून १९४१ मध्ये मुंबईत परळला टाटा स्मारक रुग्णालय उभे राहिले.