मूकनायकाचे संपादक

आपला गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. याच भंडाऱ्यातून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५४ साली लोकसभेची पोटनिवडणूक लढवली होती. तिच्यात त्यांना यश आले नाही. पण हार मानून स्वस्थ बसणे हा त्यांचा स्वभावच नव्हता. त्यांनी चालवलेल्या वर्तमानपत्रांची हकीकत वाचली, की हे चांगले पटते.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. अमेरिकेत व इंग्लंडमध्ये शिकून ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. त्या काळी अस्पृश्य मानलेल्या लोकांना सार्वजनिक विहिरीवर पाणीसुद्धा भरू देत नसत. त्यांची दुःखे वर्तमानपत्रांत क्वचितच छापून येत. म्हणून आपल्या समाजाचे स्वतःचे वर्तमानपत्र हवे, असे बाबासाहेबांना वाटू लागले.

पण पैसा कोठून आणायचा? कोल्हापूरचे राजे शाहू महाराज मदतीला धावून आले. त्यांनी अडीच हजार रुपये दिले. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' या पाक्षिकाचा पहिला अंक निघाला. मूक म्हणजे मुका आणि नायक म्हणजे पुढारी. ज्यांना बोलू दिले जात नव्हते, त्यांच्या वतीने बोलणारे हे पत्र होते. बाबासाहेब सरकारी नोकरीत होते. त्यामुळे संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव छापले जाई. त्या वेळच्या एका मोठ्या वर्तमानपत्राने तर पैसे देऊनही 'मूकनायका'ची जाहिरात घेतली नाही.

त्याच वर्षी बाबासाहेब अपुरे राहिलेले शिक्षण पूर्ण करण्यासाठी लंडनला गेले. इकडे पत्राची घडी विसकटली. समाजात वाचता येणारे लोक थोडे, म्हणून वर्गणीदारही थोडे. शेवटी १९२३ साली 'मूकनायक' बंद पडला.

२० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. त्यावर सगळीकडून टीका होऊ लागली. तिला उत्तर द्यायला हाती पत्र हवे होते. दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिलला, बाबासाहेबांनी 'बहिष्कृत भारत' सुरू केले. या वेळी ते स्वतः संपादक झाले. मदतीला लेखक नव्हते आणि त्यांना द्यायला पैसेही नव्हते. दिवसभर इतर कामे करून ते अंकाचे चोवीस-चोवीस रकाने एकटेच लिहून काढत. तरीही पैशाअभावी १९२९ साली हे पत्रही थांबले.

दोनदा अपयश आले, तरी त्यांनी नाद सोडला नाही. एकट्याच्या बळावर पत्र टिकत नाही, हे त्यांनी ओळखले होते. २४ नोव्हेंबर १९३० रोजी 'जनता' निघाले. या वेळी संपादनाचा भार सहकाऱ्यांनी उचलला. हे पत्र पंचवीस वर्षे चालले. ४ फेब्रुवारी १९५६ रोजी त्याचे नाव 'प्रबुद्ध भारत' असे झाले. प्रबुद्ध म्हणजे जागा झालेला.

त्याच वर्षी ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे दिल्लीत निधन झाले. त्यांनी मुक्या समाजासाठी पहिले पत्र काढले, तेव्हा वाचक शोधावे लागत होते. पुढे तोच समाज शिकला, लिहू लागला आणि स्वतःच्या आवाजात बोलू लागला.