डॉ. जेम्स पार्किन्सन

जेम्स पार्किन्सन यांचा जन्म ११ एप्रिल १७५५ रोजी लंडनजवळ हॉक्स्टन येथे झाला. त्यांचे वडील वैद्यकी करत. जेम्सही तिथेच डॉक्टर झाले. हात थरथरणारी, पुढे वाकून चालणारी माणसे त्यांनी पाहिली. त्यातली काही तर रस्त्यातच दिसलेली. अशा सहा माणसांवरून त्यांनी १८१७ साली छोटे पुस्तक लिहिले. १८२४ साली ते वारले. पुढे त्या आजाराला त्यांचेच नाव पडले. १९८७ साली फ्रान्सचे डॉ. बेनाबिद यांनी मेंदूत बारीक तार बसवून, थोडी वीज देऊन थरथर कमी करता येते हे दाखवले.

माझ्या आजोबांनाही हाच आजार आहे. त्यांचा चहा सांडला की मी हसायचो. आता हसत नाही. कप अर्धाच भरून देतो.

– इयत्ता ४ थी