नॅथॅनिएल हॉथॉर्न

अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स प्रांतांत सेलम नांवाचें एक जुनें बंदर आहे. तेथें ता. ४ जुलै १८०४ रोजीं प्रसिद्ध कथाकार नॅथॅनिएल हॉथॉर्न ह्याचा जन्म झाला. वडील जहाजाचे कप्तान होते. ते १८०८ सालीं दूर सुरिनाम येथें तापानें वारले. पुढें नवव्या वर्षीं पायाला इजा होऊन हा मुलगा बराच काळ घरीं अडकून पडला व पुस्तकांत रमला. आपल्याकडे ‘यात्रिकक्रमण’ ह्या नांवानें मराठींत आलेलें बन्यनचें रूपक त्याच्या विशेष आवडीचें होतें.

ह्या कुळाला एक डाग लागलेला होता. १६९२ सालीं सेलम येथें चेटकाच्या आरोपावरून एकोणीस जणांस फांशी दिलें व एका वृद्धास दगडांच्या भारानें मारिलें. त्या न्यायाधीशांपैकीं जॉन हॅथॉर्न हा आमच्या चरित्रनायकाचा खापरपणजा. दुसरा न्यायाधीश सॅम्युएल स्यूअल ह्यानें १६९७ सालीं भर मंडळींत उभें राहून आपला अपराध पदरीं घेतला. हॅथॉर्ननें तसें केल्याचें आढळत नाहीं. नॅथॅनिएलनें तरुणपणीं आडनांवांत एक अक्षर वाढविलें, तें ह्या पूर्वजापासून दूर होण्याकरितां, असें पुष्कळांस वाटतें.

१८२५ सालीं बोडन कॉलेजांतून पदवी घेऊन तो घरीं परतला व सुमारें बारा वर्षें एकांतांत लिहीत राहिला. ह्याच काळांत त्याच्या दोन उत्तम कथा प्रसिद्ध झाल्या. एकींत हूपर नांवाचा सौम्य पाळक एके रविवारीं तोंडावर काळा बुरखा घेऊन उपासनेस येतो आणि गुप्त पापावर उपदेश करितो. लोक भितात, वाग्दत्त वधू सोडून जाते. तरी मरणोन्मुख पापी मात्र त्यालाच बोलावितात. मृत्युशय्येवरही तो बुरखा काढूं देत नाहीं, कारण त्याला प्रत्येक मुखावर तसाच बुरखा दिसतो. दुसऱ्या कथेंतील तरुण ब्राउन रात्रीं रानांत जातो. त्याच्या पत्नीचें नांवच विश्वास ह्या अर्थाचें आहे. सैतानाच्या मेळ्यांत त्याला गांवचा पाळक, वडील मंडळी व स्वतःची पत्नीही दिसते. तें स्वप्न होतें कीं सत्य, हें कळत नाहीं. पण पुढें जन्मभर तो सर्वांकडे संशयानें पाहतो व दुःखांत मरतो.

आमच्या मतें ह्या दोन कथा एकत्र वाचाव्या. हूपर बुरखा स्वतःच्या मुखावर घेतो, म्हणून दुःखितांना तो जवळचा वाटतो. ब्राउन पाप दुसऱ्यांतच शोधतो, म्हणून त्याचें घरही त्याला परकें होतें. सेलमच्या न्यायाधीशांची चूक ब्राउनचीच होती.

१८४२ सालीं सोफिया पीबडी हिच्याशीं त्याचा विवाह झाला. १८४९ सालीं सेलमच्या जकात कचेरींतील नोकरी गेली व त्याच वर्षीं आई वारली. अशा विपत्तींत लिहिलेली ‘द स्कार्लेट लेटर’ ही कादंबरी १८५० सालीं निघाली आणि त्याचें नांव सर्वत्र झालें. तींतही पाळकाचें लपविलेलें पापच त्याला आंतून पोखरतें. पुढें १८५३ ते १८५७ पर्यंत तो लिव्हरपूल येथें अमेरिकेचा वकील होता. ता. १९ मे १८६४ रोजीं प्रवासांत असतां, झोंपेंतच, त्याचा अंत झाला.

पूर्वजांचा अपराध त्यानें झांकला नाहीं, व त्यांच्यावर दगडही भिरकावला नाहीं. तो अपराध आपल्याही अंतःकरणांत आहे काय, हें त्यानें शोधिलें. मुलांनीं व वडिलांनींही हा शोध स्वतःपासून आरंभावा, एवढेंच आमचें मागणें आहे.