बर्फाळ उत्तरेचा टपालवाहक वैमानिक : वॉप मे

गेल्या शतकाच्या आरंभी कॅनडाच्या उत्तरेकडील वस्त्यांना हिवाळ्यात बर्फावरच्या घसरगाडीचाच आधार असे. पत्र पोहोचायला आठवडे लागत. रोग मात्र तेवढा थांबत नसे. हे अंतर विमानाने कापता येते, हे दाखवून देणाऱ्यांत विल्फ्रिड रीड मे अग्रभागी होते. नात्यातील एका चिमुरडीला त्यांचे नाव उच्चारता येईना. तिच्या बोबड्या बोलातून आलेले ‘वॉप’ हेच नाव पुढे रूढ झाले.

मे यांचा जन्म 20 मार्च 1896 रोजी मॅनिटोबा प्रांतातील कार्बेरी येथे झाला. ते वाढले एडमंटन शहरात. पहिल्या महायुद्धात ते वैमानिक झाले. 21 एप्रिल 1918 रोजी जर्मनीचा विख्यात वैमानिक रिश्टहोफेन त्यांचा पाठलाग करीत असतानाच मारला गेला आणि मे बचावले. युद्धानंतर यंत्रावर काम करताना त्यांच्या डोळ्याला इजा झाली व त्या डोळ्याची दृष्टी पुढे गेली. तरीही त्यांनी आकाश सोडले नाही.

डिसेंबर 1928 मध्ये अल्बर्टा प्रांताच्या उत्तरेस फोर्ट व्हर्मिलियन परिसरात घटसर्प उद्भवला. तेथील डॉक्टरांकडे पुरेसे प्रतिविष नव्हते. मदतीचा निरोप घसरगाडीने तारघरापर्यंत न्यायलाच जवळजवळ दोन आठवडे गेले. 2 जानेवारी 1929 रोजी मे आणि त्यांचे सहकारी व्हिक हॉर्नर उघड्या बैठकीच्या लहानशा विमानातून एडमंटनहून निघाले. कडाक्याच्या थंडीत औषध गोठू नये म्हणून त्याला ऊब देण्याची सोय केली होती. वैमानिकांना मात्र वाऱ्यापासून आडोसा नव्हता. वाटेत एक रात्र काढून साडेपाचशे किलोमीटरहून अधिक अंतरावरील त्या गावी ते दुसऱ्या दिवशी पोहोचले. परतल्यावर एडमंटनमध्ये हजारोंनी त्यांचे स्वागत केले.

या धाडसाने त्यांना कीर्ती दिली. परंतु त्यांचे अधिक मोलाचे कार्य पुढचे आहे. एखाद्या संकटात एकदा धावून जाणे वेगळे आणि ठरल्या दिवशी पुनःपुन्हा जाणे वेगळे. मे, हॉर्नर आणि साय बेकर यांनी उभारलेल्या ‘कमर्शियल एअरवेज’ने नेमके हेच व्रत घेतले. डिसेंबर 1929 मध्ये त्यांच्या विमानांनी मॅकेंझी नदीच्या खोऱ्यातून थेट उत्तर ध्रुववृत्तापलीकडील अक्लाविकपर्यंत टपाल पोहोचविले. 1931 मध्ये ही कंपनी ‘कॅनेडियन एअरवेज’मध्ये विलीन झाली, पण सेवा खंडित झाली नाही. 1932 मध्ये एका फरार गुन्हेगाराच्या शोधात मे यांनी आकाशातून माग काढला आणि जखमी शिपायाला विमानाने उपचारासाठी नेले.

दुसऱ्या महायुद्धात दुर्गम भागात कोसळलेल्या वैमानिकांपर्यंत हवाई छत्रीने मदतनीस उतरविण्याची पद्धत त्यांनी विकसित केली. त्याबद्दल 1947 मध्ये अमेरिकेने त्यांचा गौरव केला. 21 जून 1952 रोजी अमेरिकेतील युटा येथे मुलासोबत डोंगर चढत असताना त्यांचे निधन झाले.

उत्तरेकडील अनेक वस्त्यांत आजही टपाल, औषधे आणि रुग्ण विमानानेच ये-जा करतात. त्या नित्याच्या उड्डाणांतच वॉप मे यांचे खरे स्मारक आहे.