श्यामच्या आईची पुराणे आणि पंढरीचे दार

एकलहरे (नाशिक) : एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रापासून काही किलोमीटरवर नाशिकरोडचे मध्यवर्ती कारागृह आहे. वीज केंद्राच्या चिमण्या उभ्या राहण्याच्या कितीतरी आधी या तुरुंगात एका सत्याग्रही कैद्याने ९ फेब्रुवारी १९३३ रोजी लेखणी हाती घेतली आणि १३ फेब्रुवारीच्या पहाटे ती खाली ठेवली. त्या पाच दिवसांतून मराठीला ‘श्यामची आई’ मिळाली. लेखक होते पांडुरंग सदाशिव साने, अर्थात साने गुरुजी.

गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगडचा. एकेकाळचे सुखवस्तू घराणे कर्जापायी खालावले होते. शिक्षणासाठी दापोली, औंध, पुणे असा प्रवास घडला. १९१७ मध्ये मातृछत्र हरपले. १९२४ पासून अमळनेरच्या शाळेत त्यांनी अध्यापन केले आणि १९३० मध्ये नोकरी सोडून ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये विनोबांची गीता-प्रवचने टिपून घेण्याचे कामही त्यांनी केले.

‘श्यामची आई’ वाचताना डोळे पाणावतात, हे सर्वश्रुत आहे. मात्र या कथेची वीण प्राचीन वाङ्मयाच्या संदर्भांनी घट्ट झाली आहे, याकडे सहसा लक्ष जात नाही. ‘सावित्री-व्रत’, ‘पर्णकुटी’, ‘अर्धनारी नटेश्वर’ ही प्रकरणांची नावेच पाहावीत. आजारी आईच्या वतीने वडाला प्रदक्षिणा घालायला लाजणारा श्याम सावित्रीच्या कथेत नकळत सामील होतो. घरकाम शिकणाऱ्या मुलाच्या निमित्ताने शंकराच्या अर्धनारी रूपाला नवा अर्थ लाभतो.

जर्मन कादंबरीकार थॉमस मान यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डॉक्टर फाउस्टस’मध्ये जुन्या फाउस्ट आख्यायिकेतून आपल्या काळाची शोकांतिका मांडली. तेथील संदर्भ उलगडण्यास व्यासंग लागतो. गुरुजींचे संदर्भ मात्र माजघरातले, व्रतवैकल्यांतून आणि कीर्तनांतून घरोघर पोचलेले. त्यामुळे ते वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत.

या संदर्भांची खरी कसोटी पुस्तकाबाहेर लागली. ‘देवाला सारी प्रिय’ या प्रकरणात अस्पृश्य मानलेल्या वृद्धेची मोळी खाली पडते. आई श्यामला ती उचलून द्यायला पाठवते. मात्र नंतर स्नान करायलाही सांगते. तिच्या काळाची मर्यादा तेथे स्पष्ट दिसते.

मुलाने ती मर्यादा ओलांडली. सर्वांना प्रिय मानणाऱ्या देवाचेच दार काहींना बंद असेल, तर आईची शिकवण अपुरी राहते, हे त्यांनी ओळखले. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर दलितांना खुले व्हावे यासाठी त्यांनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि मे १९४७ मध्ये पंढरपुरात प्राणांतिक उपोषण आरंभिले. विरोध तीव्र होता. खुद्द गांधीजींनाही प्रारंभी हे उपोषण मान्य नव्हते. गुरुजी ढळले नाहीत. अखेर मंदिर खुले करण्याचे मान्य झाले आणि उपोषण सुटले.

पुढे १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच जीवनयात्रा संपविली. आचार्य अत्रे यांनी १९५३ मध्ये ‘श्यामची आई’वर काढलेल्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले आणि ही आई पडद्यावरूनही घराघरांत पोचली. तिच्यासाठी अश्रू ढाळणाऱ्या महाराष्ट्राने तिच्या लेकाने उघडायला लावलेले पंढरीचे दारही तितक्याच आस्थेने स्मरणात ठेवायला हवे.