अणूचे पहिले दर्शन

सर्व पदार्थ अणूंचे बनलेले आहेत, हा विचार फार प्राचीन आहे. परंतु एकेक अणू पाहण्याचे भाग्य मानवाला विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लाभले नव्हते. ते ज्यांच्या चिकाटीने लाभले, ते शास्त्रज्ञ म्हणजे एर्विन म्युलर.

त्यांचा जन्म १३ जून १९११ रोजी जर्मनीतील बर्लिन शहरी झाला. तेथेच गुस्टाव्ह हर्ट्झ या नामवंत पदार्थविज्ञानवेत्त्याच्या हाताखाली त्यांनी अध्ययन केले. इ. स. १९३६ मध्ये त्यांनी एक अभिनव सूक्ष्मदर्शक सिद्ध केला. त्यात भिंग नव्हते. निर्वात नळीत टंगस्टन धातूची अतितीक्ष्ण सुई व समोर चकाकणारा पडदा, एवढेच. सुईला प्रबळ ऋण विद्युद्दाब दिला, की तिच्या टोकातून इलेक्ट्रॉन सुटत आणि पडद्यावर त्या टोकाचे प्रचंड मोठे चित्र उमटे. टोकावर क्लोरीनसारख्या वायूचा थर बसला, तर इलेक्ट्रॉनांना बाहेर पडणे कठीण होई व चित्र काळवंडे. वायू धातूला कसा चिकटतो, हे असे डोळ्यांना दिसू लागले. पण एकेक अणू काही दिसेना.

म्युलर निराश झाले नाहीत. इ. स. १९४१ मध्ये त्यांनी सुईला उलट, म्हणजे धन विद्युद्दाब दिला. तेव्हा तिला चिकटलेले बेरियमचे अणू सुटून निघाले. पुढे महायुद्धात बर्लिन उद्ध्वस्त झाले, तरी त्यांचा ध्यास सुटला नाही. इ. स. १९५१ मध्ये त्यांनी धनभारित सुईभोवती विरळ हायड्रोजन वायू ठेवला. वायूचे कण टोकाजवळ येताच आपला इलेक्ट्रॉन गमावीत व थेट पडद्याकडे झेपावत. तथापि उष्णतेमुळे ते कण चंचल असल्याने चित्र पुसटच राहिले.

इ. स. १९५२ मध्ये म्युलर अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात गेले. तेथे त्यांनी हेलियम वायू योजिला आणि सुई अतिशय थंड केली. ११ ऑक्टोबर १९५५ रोजी, कंवर बहादुर हे त्यांचे भारतीय विद्यार्थी सोबत असता, पडद्यावर तेजस्वी ठिपक्यांच्या रेखीव रांगा उमटल्या. प्रत्येक ठिपका म्हणजे टंगस्टनचा एकेक अणू होता!

१७ मे १९७७ रोजी म्युलर निवर्तले. इ. स. १९८१ मध्ये सिद्ध झालेल्या निराळ्या सूक्ष्मदर्शकाने धातूवर बसलेले क्लोरीन व आयोडीन यांचे अणूही पुढे दृष्टीस पडले. परंतु अणू पाहता येतो, हा विश्वास जगाला प्रथम दिला तो एकोणीस वर्षे एका सुईच्या टोकाकडे एकाग्रतेने पाहणाऱ्या म्युलर यांनी.